पंचवीसपैकी तेवीस

स्पीकरमधून सातवा शब्द गेला, 'सुई'. नेमकी तेव्हाच मला शिंक आली आणि सुरेखाताई कोंढरे काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. म्हणून मी सातवा शब्द पुन्हा लावला. काचेपलीकडून सुरेखाताई ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "ताक."

ताक हा आठवा शब्द होता. तो अजून वाजायचा होता. मग मी 'ताक' लावला, तर त्या म्हणाल्या, "मोर." मोर नववा. शेवटपर्यंत त्या अशाच माझ्या एक शब्द पुढे होत्या. पंचविसावा शब्द वाजला तेव्हा त्यांनी उत्तरच दिलं नाही. त्यांच्या लेखी पेपर संपला होता. पर्स उचलून त्या उभ्या राहिल्या.

मी बावीस वर्षं ऑडिऑलॉजिस्ट आहे. कान तपासायचे, कुणाला मशीन लागेल, कुणाला ऑपरेशन, ते ठरवायला मदत करायची, हे माझं काम. न वाजलेला शब्द ऐकणारा पेशंट मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला.

सदाशिव पेठेतल्या आमच्या सेंटरमध्ये तेव्हा एक क्लिनिकल स्टडी चालू होता. एका कंपनीचं नवं हिअरिंग एड तीन महिने वापरायला द्यायचं. मग पेशंटला साउंडप्रूफ खोलीत बसवून रेकॉर्ड केलेले पंचवीस शब्द ऐकवायचे. प्रत्येक शब्द त्याने परत म्हणायचा. ज्याचं ऐकणं फारच कमी आहे आणि हिअरिंग एड लावूनही दहापेक्षा कमी शब्द येतात, त्याला कॉक्लिअर इम्प्लांट. म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बारीक तार बसवायची, जी आवाज थेट नसेपर्यंत पोचवते. ते एका ट्रस्टकडून मोफत होतं. दहा किंवा जास्त शब्द आले, तर हिअरिंग एड पुरेसं आहे असं धरायचं आणि हात जोडून निरोप द्यायचा.

सुरेखाताईंना आधीच्या आठवड्यात तेवीस आले होते. तीन महिन्यांपूर्वी तीन होते. आजची टेस्ट फक्त खात्रीसाठी होती.

आणि सुरेखाताई एकट्या नव्हत्या. त्या महिन्यात आमचे जवळजवळ सगळेच पेशंट हुशार निघाले होते. वीस, बावीस, चोवीस. स्टडीचे प्रमुख डॉक्टर साने यांनी त्याचा ग्राफ काढून कॉन्फरन्ससाठी स्लाइड केली होती. कंपनीचा माणूस व्हिडिओ कॉलवर 'फिनॉमिनल' म्हणाला. एका कॉलमध्ये सहा वेळा. मलाही शंका आली नाही, कारण त्यातली दोन 'फिनॉमिनल' माझ्या वाट्याची होती. कौतुक चालू असलं की माणसाचे कान आपोआप बंद होतात. त्यावर अजून मशीन निघालेलं नाही.

सुरेखाताई कात्रजच्या पलीकडच्या गावात अंगणवाडीत मदतनीस होत्या. एका तापात दोन्ही कान गेले. समोरच्याच्या ओठांवरून त्या बोलणं बरंचसं ओळखायच्या, पण पोरं काही मदतनिसाच्या समोर उभं राहून पडत नाहीत. एक पोरगं त्यांच्या पाठीमागे बाकावरून पडलं, बराच वेळ रडत राहिलं आणि यांना पत्ता नाही. अंगणवाडीच्या सेविका बाईंनी सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत काहीतरी करा, नाहीतर काम सोडा.

मी त्यांना समोर बसवलं आणि सावकाश, ओठ दिसतील असं विचारलं, "शब्द कुणी सांगितले?"

त्या लाजल्या नाहीत. पर्समधून दोनशे पानी वही काढली. पंचवीस शब्द, ओळीने, नंबर घालून.

"टेंबे सरांनी. रोज घोकत व्हते. भाकऱ्या थापताना बी."

"पण ऐकू काय येत होतं?"

"धप, धप. काहीतरी वाजलं येवढं कळतं. वाजलं की म्होरला शब्द म्हणायचा. सरांनी तसंच सांगितलं हाय."

"मग दोन कसे चुकले?"

"मुद्दाम चुकवलं. समदं बरोबर आलं तर मास्तरला शंका येती, असं सर म्हणाले."

आता मला ते सांगणं भाग होतं. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: दहाच्या वर मार्क मिळाले तर ऑपरेशन मिळत नाही.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "म्हंजी नापास व्हायचं व्हतं?"

"हो."

"मग तसं आधी न्हाई का सांगायचं? परीक्षा म्हणल्यावर नापास व्हायला कोण येतंय, मॅडम?" त्यांचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण आधी सांगितलं होतं. एकोणीस पानी संमतीपत्रात अकराव्या पानावर लिहिलं होतं: 'श्रवणसाहाय्यक उपकरणोत्तर वाक्-अभिज्ञान गुणांक विहित मर्यादेपेक्षा न्यून आढळल्यास सहभागी पुढील टप्प्यास पात्र राहील.' याला आमच्याकडे सोपी मराठी म्हणतात. नियमाप्रमाणे ते मी सुरेखाताईंना मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं, पानात तोंड खुपसून. ज्या बाईला ऐकू येत नाही म्हणून ती आली, तिला पाऊण तास वाचून दाखवलं. शेवटी 'समजलं का?' विचारलं. त्यांनी मान हलवली. मी टिक केली.

टेंबे सर बाहेरच्या बाकड्यावर होते. त्यांनी चाळीस वर्षं पेठेत स्कॉलरशिपचे क्लास घेतलेले. वयाने ऐकणं थोडं कमी झालेलं, म्हणून तेही स्टडीत होते. माझ्या टेबलावर एक छोटा स्पीकर असतो, आत काय वाजतंय ते मला कळावं म्हणून. उकडतं म्हणून माझ्या खोलीचं दार उघडं. सरांनी बाकड्यावर बसून नव्या हिअरिंग एडने सगळी यादी ऐकली आणि उतरवून घेतली. त्या संपूर्ण स्टडीत हिअरिंग एड खरोखर चालतं याचा एवढा एकच भरवशाचा पुरावा हाती लागला.

"सर, तुम्ही लोकांना शब्द शिकवलेत?"

"अकरा जणांना. नऊ जणांनी अभ्यास केला."

"का पण?"

"ती कोंढरे पहिल्या महिन्यात इथे बसून रडत होती. तीन मार्क मिळाले म्हणून. पोरगी नापास होऊन रडते आहे आणि मी पेपर वाचत बसू? आणि आपण एकच प्रश्नपत्रिका वर्षभर वापरता, दार उघडं ठेवून. आमच्या क्लासच्या गेटवरचा वॉचमन याहून जास्त गुप्तता पाळायचा."

दर वेळी वेगळी यादी वापरायची, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. चार याद्या रेकॉर्ड करायच्या होत्या. स्टुडिओ एकच दिवस मिळाला, डॉक्टर साने म्हणाले एक पुरे, आणि मी 'बरं सर' म्हणाले. तो 'बरं' माझा होता.

मग सरांना मी तेवीस मार्कांचा अर्थ सांगितला. ते हिअरिंग एड काढून हातात घेऊन बसले.

मी डॉक्टर सान्यांकडे गेले.

"आज किती आले तिला?" त्यांनी विचारलं.

"शिंकेपर्यंतचे धरले तर सहा. मुळात तेही खोटे."

"मग मागचे तेवीसच धरू."

"सर, तिला एकही शब्द ऐकू येत नाही."

"आता पुन्हा टेस्ट घेतली तर ती मुद्दाम नापास होईल. कशावर विश्वास ठेवायचा?"

हे मात्र त्यांचं बरोबर होतं. पास होणं खोटं ठरलं की नापास होणंही संशयास्पद होतं. पण त्याला तोड होती. कॉर्टिकल टेस्ट नावाची एक तपासणी असते. डोक्याला तारा लावायच्या, हिअरिंग एड कानात ठेवून बोलण्यातले आवाज ऐकवायचे आणि मेंदूकडून प्रतिसाद येतो का ते बघायचं. पेशंटने काही म्हणायचंच नसतं. तिथे घोकंपट्टी चालत नाही. मशीन आमच्याच कपाटात होतं, कव्हर घालून.

"प्रोटोकॉलमध्ये नाही," डॉक्टर म्हणाले. "एथिक्स कमिटीला कळवावं लागेल. मग सगळाच डेटा जाईल. कॉन्फरन्स पुढच्या महिन्यात आहे."

"आणि कोंढरेबाईंची दिवाळीही."

ते स्लाइडकडे बघत राहिले. ग्राफ खरंच सुंदर होता. खरं तर तो टेंबे क्लासेसचा निकाल होता.

दुसऱ्या दिवशी टेंबे सर आले. हातात फुलस्केप कागद. "वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहाराला पाठवतो आहे. माझी चूक पहिल्या परिच्छेदात कबूल केली आहे. आपली दुसऱ्यात. डॉक्टरांना म्हणावं, तपशिलात काही राहिलं असेल तर सांगा."

पुण्यात माणूस कोर्टाला भीत नाही, कमिटीला भीत नाही. वाचकांच्या पत्राला भितो, कारण ते त्याचे शेजारी वाचतात. दुपारी डॉक्टर सान्यांनी स्वतःच कमिटीला मेल केला. कमिटीच्या इतिवृत्तात पुढे अशी नोंद झाली की हा प्रकार 'मुख्य संशोधकांच्या दक्षतेमुळे' उघडकीस आला. माझी शिंक त्यात नाही.

जुने मार्क रद्द झाले. चार नव्या याद्या आल्या. सरासरी घसरली, स्लाइड गेली, कंपनीचा माणूस 'अनफॉर्च्युनेट' म्हणाला, एकदाच. सुरेखाताईंच्या डोक्याला मी तारा लावल्या. त्या मोबाईलवर पाककृती बघत बसल्या, आवाज बंद करून. मी आवाज वाढवत गेले. माणूस बोलतो तेवढ्या आवाजात 'त', 'स' लावले, तर मेंदूची रेघ सपाट. इतक्या वर्षांत सपाट रेघ बघून मला आनंद झाला तो तेव्हाच.

दिवाळीच्या आधी त्यांचं ऑपरेशन झालं. मशीन चालू केलं त्या दिवशी त्या म्हणाल्या, पत्र्यावर खडे पडल्यागत वाटतंय. ते तसंच असतं. मेंदूला शिकायला महिने लागतात. सेविका बाईंना मी पत्र दिलं, थोडं थांबा म्हणून. त्या थांबल्या.

सहा महिन्यांनी टेस्ट घेतली. नवी यादी, दार बंद. पंचवीसपैकी चौदा.

सुरेखाताईंचं तोंड उतरलं. "मागं तेवीस व्हते की."

टेंबे सर मुद्दाम आले होते. त्यांनी मार्क बघितले. "सेकंड क्लास. पण कॉपी नाही."

मी विचारलं, अंगणवाडीत कसं चाललंय. त्या म्हणाल्या, "काल मागनं एक पोरगी म्हणाली, मावशी, शू. मी वळले तर तीच माझ्याकडं बघत ऱ्हायली. तिला सवयच न्हाई ना, मी वळायची." हे सांगून त्या रडल्या, आणि या वेळी कुणी त्यांना शब्द शिकवायला धावलं नाही.

तेव्हापासून मी संमतीपत्र कुणाला वाचून दाखवत नाही. पेशंटच्या हातात देते आणि त्यालाच विचारते, काय समजलं ते सांगा. बहुतेकांना काही समजलेलं नसतं. मग आम्ही मराठीत बोलतो. यादी दर वेळी बदलते. आणि टेंबे सर तपासणीला आले की बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत बसवते.