गोणपाटाखालचा कोबा

“पाणी! हे पाणी आलं कुठून? कुणी ओतलं इथं पाणी?”

आमच्या मिशन टीमचा फोरमन दारात उभा राहून असा ओरडत होता, की एल्ब नदीतली दोन-चार जहाजं आपल्यालाच हाक आली समजून वळली असतील. माणूस सत्तरी ओलांडलेला, जन्म सगळा हॅम्बर्गच्या गोदीत पत्रे जोडण्यात गेलेला. तिथं यंत्रांच्या वर आवाज काढावा लागतो. निवृत्त होताना त्यानं हेल्मेट परत केलं, बूट परत केले, आवाज मात्र घरी आणला. त्याच्यामागे मी, गाजरांचा क्रेट पोटाशी धरून. माझ्यामागे माझे सासरे. सासऱ्यांच्या हातात हिरवा रबरी पाइप.

“जावईबापू,” सासरे शांतपणे म्हणाले, “त्यांना म्हणावं जरा बाजूला व्हा. आजचं पाणी मारायचं राहिलंय.”

मी फोरमनच्या खांद्यावरून आत डोकावलो. आम्ही नवीन घातलेल्या फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बटाट्यांची गोणपाटं अंथरलेली होती, चिंब ओली, कडा एकमेकींवर नीट चढवलेली. दारापाशी मातीचा छोटा बांध घालून पाणी अडवलेलं. जगबुडीनंतर पाणी ओसरायला लागल्यावर जमीन पहिल्यांदा अशीच दिसली असणार. गेले दोन-तीन शनिवार आमच्या पाळकबाई, म्हणजे चर्चच्या पास्टोरिन, बटाट्यांच्या रिकाम्या गोण्या कुठं जातात म्हणून हैराण होत्या. आता त्यांचा पत्ता लागला.

हे समजायचं तर आधी आमची टीम समजायला हवी. आमच्या चर्चची ही मिशन टीम दर उन्हाळ्यात पूर्वेकडच्या गरीब देशांत जायची. तंबू ठोकायचा, कुणाला छप्पर घालून द्यायचं, कुणाला भिंत, संध्याकाळी गावाला सूप वाढायचं आणि परत यायचं. वयं अशी की जलप्रलय त्यांनी लहानपणी पाहिला असावा. एकाचा गुडघा बदललेला, एकाची कंबर बदललेली, एक दातांचे डॉक्टर तर इतके बदललेले की मूळचा माणूस शोधावा लागे. त्या वर्षी विमान कंपनीची नव्हे, गुडघ्यांचीच परवानगी मिळेना. तेव्हा पाळकबाई म्हणाल्या, “हे बघा, गरीब आपल्या मागच्या दाराशी उभे आहेत. यंदा तिथंच जाऊ.”

मागच्या दाराशी खरंच उभे होते. दर शनिवारी चर्चच्या मागच्या अंगणात भाजी, पाव, डबाबंद जिन्नस यांच्या पिशव्या वाटायच्या आणि प्रत्येकाला वाडगाभर गरम सूप. रांग उघड्यावर. हॅम्बर्गचा पाऊस पडत नाही, तो इथं राहतो. महापालिकेत रीतसर नोंदणी करून राहतो. लोक सूप प्यायला लागले की वाडगं रिकामं होण्याऐवजी भरत जायचं. अंगणाच्या टोकाला एक जुनी गॅरेजवजा खोली होती. तिचा जेवणाचा हॉल करायचं ठरलं, आणि पाळकबाईंनी रांगेपुढे उभं राहून शब्द दिला, की नाताळच्या आधी तुम्ही आत, भिंतीआड, खुर्चीवर बसून जेवाल.

मी इंजिनिअर म्हणून मला ओढलं. मी विमानातल्या खुर्च्यांचे हात डिझाइन करतो. बांधकामाशी माझा संबंध एवढाच की मी एका बांधलेल्या घरात राहतो. पण जर्मनीत इंजिनिअर हा शब्द उच्चारला की सोडतात कुठं. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी सिमेंट, गाजरं, पुन्हा सिमेंट. सेवा, सेवा म्हणतात ती मुख्यतः उचलणं आणि ठेवणं असते. रविवारी उपासनेला बसलो की डोळे मिटायचे ते भक्तीनं मिटले असं लोक समजायचे, आणि मी ती समजूत मोडली नाही.

अशात सासरे नगरहून आले. नगरला त्यांनी आयुष्यभर घरं बांधण्याचे ठेके घेतले. सामानात लोणच्याच्या बरण्यांच्या मधोमध फडक्यात गुंडाळलेला ओळंबा आणला होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्या घराच्या सगळ्या भिंती सरळ आहेत का ते तपासलं, मग जिन्याच्या, मग शेजाऱ्यांच्या.

“अरे, पप्पांना घेऊन जा ना तुझ्या त्या टीममध्ये,” बायको हात जोडून म्हणाली. “काल त्यांनी शेजारच्या बाईंना बाल्कनीतून बोलावून त्यांचा कठडा वाकडा आहे म्हणून सांगितलं. खुणांनी!”

नेलं. पहिल्या शनिवारी ते अंगणात आले आणि रांग पाहून थबकले. मला वाटलं थंडीनं पाय गोठले.

“मी अशाच रांगेत उभा राहिलोय,” ते म्हणाले. “आपल्या नगरच्या मिशन कंपाउंडमध्ये. जर्मनीच काय, कुठकुठले साहेब यायचे. शाळेची भिंत बांधायचे, आणि दुपारी पावडरचं दूध. माझा ॲल्युमिनियमचा मग होता. पोचे पडलेला.” मग शर्ट खाली ओढून सरळ केला आणि पाळकबाईंच्या हातातला डाव अक्षरशः काढून घेतला. “आता मी या बाजूला.”

रविवारी पाळकबाईंनी त्यांना सगळ्या मंडळीपुढे उभं केलं आणि सांगितलं, की आजवर आम्ही मिशन पाठवलं, यंदा भारतानं आम्हाला पाठवलंय. टाळ्या इतक्या झाल्या की ऑर्गनची धूळ उडाली. सासऱ्यांनी हात उंचावला. त्या दिवसापासून त्यांना झोप लागेना. शनिवार लवकर येत नाही म्हणून तक्रार.

रांगेत एक बाई होत्या, ऐंशीच्या घरातल्या. जन्मभर इतरांची ऑफिसं पुसली, आता पेन्शन महिन्याच्या मध्यावरच धाप टाकायची. चालायला चाकांची गाडी, तिलाच बसायची पट्टी. त्या तिच्यावर बसून, छत्रीचा दांडा मान आणि खांद्यात दाबून, दोन्ही हातांनी वाडगं धरून सूप प्यायच्या. सासऱ्यांनी हे पाहिलं आणि संपलं. बाईंच्या सूपमध्ये बटाटे जास्त. त्यांच्याशी दर शनिवारी गप्पा, म्हणजे बाई जर्मनमधून गुडघ्यांचं सांगायच्या, हे मराठीतून खोकल्याचं सांगायचे, दोघंही “या, या”, म्हणजे जर्मनमधलं हो, हो, करून मान डोलवायचे. हॉलमध्ये खोली गरम ठेवणारा रेडिएटर बसवायची जागा ठरली तेव्हा सासऱ्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं फुली मारली. “इथं बाईंची खुर्ची. दुसऱ्या कुणाला बसू द्यायचं नाही. पाळकबाईंनाही नाही.” मला ते बाईंना भाषांतर करून सांगायला लावलं. बाईंनी फुली पाहिली, मान हलवली.

ऑक्टोबरच्या शेवटी फरशीचा थर ओतला. इथं त्याला एस्ट्रिश म्हणतात. आपला कोबाच म्हणा. फोरमन म्हणाला, आठवडाभर कुणी पाय ठेवायचा नाही, मग तीन आठवडे आत काम बंद, फक्त रोज सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडून हवा द्यायची. हे काम कोण करणार? दिवसभर कुणाला वेळ आहे? सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. फोरमननं किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, “कोलेगे.” म्हणजे आपल्यातला, सहकारी.

किल्ली मिळाल्यावर सासऱ्यांनी खिडक्या उघडल्या, रोज, अगदी वेळेवर. आणि त्याबरोबर नगर जिल्ह्यातला कुठलाही जबाबदार माणूस ताज्या कोब्याचं जे करील ते केलं. गोणपाट अंथरलं आणि पाणी मारलं. सकाळी मारलं, संध्याकाळी मारलं. भर पावसात छत्री घेऊन बसनं जाऊन मारलं.

तर आता परत त्या शनिवारी, दारात.

“याला विचार,” फोरमन मला म्हणाला, “याच्या डोक्यात काय होतं? आमची दोन महिन्यांची मेहनत बुडवली यानं!”

“पप्पा, ते म्हणतायत, पाणी थोडं जास्त झालं का?”

“जास्त? त्यांना म्हणावं, चाळीस वर्षं स्लॅब टाकतोय. माझ्या एका स्लॅबला केसाएवढी भेग दाखवा, मिशी उतरवतो. सिमेंटला पाणी म्हणजे लेकराला दूध. तुम्ही लोक कोबा घालून तसाच तहानलेला सोडता, आणि मग म्हणता फरशी फुटली!”

“त्यांना वाईट वाटतंय,” मी फोरमनला सांगितलं.

“एवढंच बोलला तो?”

“मराठी लांब भाषा आहे.”

सासऱ्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. “जावईबापू, मी मिशीचंही बोललो होतो.”

मी थकलो होतो. दोघांचाही राग माझ्यातून जात होता आणि मधल्यामधे मलाच गरम करत होता, नळातून गरम पाणी जाऊन नळच तापावा तसा. आत दातांचे डॉक्टर आणि दोघं-तिघं गोणपाटं उचलायला लागले होते. एकेक गोणपाट म्हशीएवढं जड. फोरमन आता ओरडत नव्हता. त्यानं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, वाकला, आणि फरशीवर टोक टेकवून नुसतं दाबलं. ते आत गेलं. शिऱ्यात चमचा जातो तसं गेलं, आवाजही झाला नाही.

सासरे उकिडवे बसले. पाइप बाजूला ठेवला. नखानं फरशी खरवडली, बोटांत चुरा घेऊन चोळला, नाकाशी नेला.

“हे सिमेंट नाही.”

मी फोरमनला विचारलं. फोरमन म्हणाला, नाही, जिप्समचा आहे. एका बांधकामवाल्यानं उरलेला माल चर्चला फुकट दिला, म्हणून तो वापरला. लवकर वाळतो. फक्त पाणी लागू द्यायचं नसतं.

मी सांगितलं. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं, हे पाणी पिऊन चहातल्या बिस्किटासारखं होतं, एवढं मलाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

“मग सांगायचं ना कुणीतरी, पाणी मारू नका म्हणून,” सासरे म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता.

हे मी फोरमनला सांगितलं, या वेळी जसंच्या तसं. फोरमननं टोपी काढून डोकं खाजवलं. “पाणी मारू नका असं कोण सांगतं?” तो म्हणाला. “पाणी कोण मारतं?”

याचं भाषांतर मी केलं नाही. गरज नव्हती. सासरे भिंतीवरच्या फुलीकडे पाहत होते.

मग पाळकबाई आल्या, सगळं पाहिलं, आणि एका उलट्या बादलीवर बसून राहिल्या. त्यांचा चेहरा असा होता की मला वाटलं आता या प्रार्थना करतील किंवा सिगारेट मागतील. त्यांनी फक्त विचारलं, पुन्हा करायला किती वेळ? फोरमननं बोटांवर मोजायला सुरुवात केली. फोडायचं, उचलायचं, पुन्हा ओतायचं, आणि थंडीत वाळायला जास्त वेळ. शेवटी बोटं सोडून दिली आणि म्हणाला, “फेब्रुवारी. सगळं नीट झालं तर.”

सासऱ्यांचं परतीचं तिकीट नाताळच्या आधीचं होतं. व्हिसा तेवढाच. फेब्रुवारी हा शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच आहे.

फोडायला ते आले. मी नको म्हटलं, बायको नको म्हणाली, ते हातमोजे घालून बसस्टॉपवर उभे. एका टोकाला फोरमन, दुसऱ्या टोकाला हे, दोघांच्या हातात पहार. दोन म्हातारे दोन टोकांकडून एकमेकांकडे खोदत येत होते आणि मध्ये मी बादल्या भरत होतो. एकेक बादली हत्तीच्या पिलाएवढी. दुपारपर्यंत माझे हात इतके लांब झाले की बुटांच्या नाड्या न वाकता बांधता आल्या असत्या. फोरमननं एकदा थर्मासमधली कॉफी ओतून अर्धा कप सासऱ्यांकडे सरकवला. त्यांनी तो घेतला. त्यांना कॉफी आवडत नाही.

संध्याकाळी बसमध्ये ते म्हणाले, “बाईंना कोण सांगणार?”

“पाळकबाई सांगतील रांगेला.”

“रांगेला सांगतील. बाईंना मी सांगणार. आणि जावईबापू, तुम्ही आपलं थोडक्यात उरकू नका. एक शब्द कमी झाला तर मला कळतो.”

पुढच्या शनिवारी पावसात बर्फ मिसळलेलं पडत होतं. मसुराचं सूप होतं. बाई नेहमीच्या जागी, गाडीच्या पट्टीवर, छत्री मानेत दाबून बसल्या होत्या. सासऱ्यांनी त्यांना स्वतः वाडगं नेऊन दिलं, मग कानटोपी काढली. थंडीनं कान लगेच लाल झाले. समोर ताठ उभे राहिले, आणि सुरुवात केली.

मी एकेक वाक्य सांगत गेलो. की आत बसायची जागा या नाताळपर्यंत होणार नाही. की ती यांच्या हातून बिघडली, दुसऱ्या कुणाच्या नाही. की त्यांच्या गावी नव्या फरशीला पाणी पाजतात, आणि पाणी न पाजणारा मिस्त्री चोर समजला जातो. की चाळीस वर्षांत कधी असं झालं नव्हतं. मिशीचंही सांगितलं. की ते लहान असताना रांगेत उभे होते आणि या वेळी त्यांना फार वाटत होतं की कुणाला तरी बसवून वाढावं. की फरशी पुन्हा ओतलीय, दुसऱ्यांदा ती वाळेल, पण तोवर ते इथं नसतील. की त्यांना माफ करावं. हे शेवटचं त्यांनी स्वतःच, आठवडाभर आरशासमोर घोकलेल्या जर्मनमधून म्हटलं, आणि त्यात ते दोनदा अडखळले.

बाई सगळा वेळ खात होत्या. मध्ये एकदा छत्री घसरली, ती मी धरली. माझा हात तसाच वर राहिला. खाली घ्यायचंही बळ नव्हतं. वाडगं संपलं. त्यांनी चमचा चाटून स्वच्छ केला आणि माझ्याकडे पाहिलं.

“मग कधी होणार?”

“फेब्रुवारीत,” मी म्हणालो.

त्यांनी सासऱ्यांच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं, हातातल्या कानटोपीकडे पाहिलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “फेब्रुवारीतही थंडीच असते. खुर्ची तेव्हाही लागेलच.”