माझ्या जागी दुसरा

आमचे हे लिफ्टचे मिस्त्री. चौतीस वर्षं लोकांना वर-खाली करणाऱ्या यंत्रांची देखभाल केली आणि स्वतः मात्र जिना चढून गेले. चेष्टा नाही करत. सातव्या मजल्यावर माझी मावशी राहायची. मी लिफ्टने पोचून चहा संपवायचे, तेव्हा कुठे हे धापा टाकत दारात उभे. कामावर सगळे त्यांना जिनामास्तर म्हणायचे. व्यायाम होतो, असं हे सांगायचे आणि मला ते पटलं होतं. तब्बल बावीस वर्षं पटलं होतं, म्हणजे बघा मी किती हुशार.

दुसरी एक गोष्ट मात्र मला कधीच पटली नाही. चर्चमध्ये प्रभुभोजनाला सगळी मंडळी उठून पुढे जातात, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेऊन परत येतात. हे उठायचे नाहीत. मनात पाप दडवून ती भाकर खाऊ नये, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पण यांनी कसलं पाप केलंय, दारू नाही, बाई नाही, कुणाला वाकडा शब्द नाही! मी विचारलं की आज पोट बरं नाही म्हणायचे. घरी येऊन तेच पोट माझ्या दुप्पट जेवायचं. मी चिडायचे, भांडायचे. माणूस एवढा चांगला आणि देवाच्या दारात येऊन उपाशी परततो, हे मला बघवायचं नाही. एकदा तरी हे उठून पुढे जाताना दिसावेत, एवढीच माझी इच्छा होती.

यांच्या मोठ्या बहिणीला, आमच्या ताईंना, मात्र कधी उठायला सांगावं लागलं नाही. त्या पहिल्या बाकावर. गाणं त्यांनी उचलायचं, मग बाकीच्यांनी. हे नऊ वर्षांचे असताना यांची आई गेली, तेव्हा ताईंनीच यांना न्हाऊ-माखू घातलं, शाळेत घातलं. ताईंचं लग्न झालं तेव्हा भाऊ पाठराखणीला आला तो तिथेच राहिला. दाजींनी, म्हणजे ताईंच्या नवऱ्याने, त्याला हाताखाली घेऊन लिफ्टचं काम शिकवलं. यांच्या हातात आज जी काही कला आहे ती दाजींची.

दाजी बावीस वर्षांपूर्वी कामावर असतानाच वारले. एका ऑफिसच्या इमारतीत, लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात काम करत होते आणि वरून लिफ्ट आली. चौकशीत निघालं की चूक त्यांचीच. या कामात एक नियम असतो. खड्ड्यात उतरणाऱ्याने आधी गच्चीवरच्या खोलीत जायचं, मेन स्विच बंद करायचा आणि त्याला आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा. तो बिल्ला ज्याचा त्यानेच काढायचा. मालक येवो नाहीतर आग लागो, दुसऱ्याने हात लावायचा नाही. दाजींचा बिल्ला स्विचला नव्हता, त्यांच्याच पिशवीत सापडला. म्हणजे लावलाच नाही, असं ठरलं. हे त्या वेळी गच्चीवर होते. यांनी बिल्ला नसलेला पाहिला आणि लिफ्ट चालू केली, यात यांचा काय दोष?

ताई रडल्या नाहीत, संतापल्या. जन्मभर दुसऱ्यांना नियम शिकवणारा माणूस स्वतःच्या हाताने गेला आणि मला टाकून गेला, हे एकच वाक्य. दाजींचा फोटो ट्रंकेत गेला. कबरस्तानात त्या एकदाही गेल्या नाहीत. मुलगी पाच वर्षांची होती, तिलाही त्यांनी हेच सांगून मोठं केलं, की तुझा बाप बेफिकीर होता, तू तशी होऊ नकोस. ती पोर आजही घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघते.

मागच्या वर्षी यांच्या छातीत कळ आली. इस्पितळात नेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. दुपारची वेळ होती, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा घोरत होता. मी संत्रं सोलत होते. यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बिल्ला होता."

मला आधी कळलंच नाही. मग सगळं सांगितलं. त्या दिवशी खड्ड्यात उतरायची पाळी यांची होती. पण पाय मुरगळला होता, म्हणून दाजी म्हणाले, तू वर थांब, मी उतरतो. वर येऊन त्यांनी स्विच बंद केला, बिल्ला लावला आणि खाली गेले. तासाभराने इमारतीच्या साहेबांचा निरोप आला, पाहुणे खाली खोळंबलेत, लिफ्ट कधी देताय? यांनी वरून हाक मारली. उत्तर नाही. दाजींना एक खोड होती, काम झालं की बिल्ला तसाच ठेवून ते चहाला निघून जायचे. त्याच महिन्यात दोनदा यांना जिने उतरून त्यांना शोधावं लागलं होतं. आजही तसंच असणार, असं यांनी धरलं. बिल्ला काढला, खिशात टाकला आणि स्विच दाबला. दाजी खाली मोटार लावून खड्ड्यातलं पाणी उपसत होते, तिच्या आवाजात त्यांना हाक कशी ऐकू जाणार?

हे खाली धावले तेव्हा सगळं संपलं होतं. लोक यायच्या आत बिल्ला दाजींच्या पिशवीत गेला. "मी ठरवून केलं नाही गं," हे म्हणाले, "पण केलं मीच."

उद्या ऑपरेशन नसतं तर मी त्यांच्या थोबाडीत मारली असती. खरंच सांगते. एका चुकीने माणूस मेला, ते मी समजू शकत होते. पण मेलेल्या माणसावर आळ घेऊन बावीस वर्षं त्याच्या बायकोच्या हातचं जेवायचं? मी संत्रं तिथेच टाकलं आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. तासाभराने परत आत गेले. नवरा आहे, जाणार कुठे?

हे वाचले. घरी आल्यावर आमचे पाळकसाहेब भेटायला आले. वयाने आमच्या मुलाएवढे, बोलणं गोड, मनाने खरे. यांनी त्यांनाही सांगितलं. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, काका, माणूस स्वतःच्या बळावर पाप धुऊ शकत नाही, म्हणून तर प्रभूने आपल्या जागी मरण सोसलं. किंमत चुकती झालीय. तुम्ही फक्त हात पुढे करायचा.

हे शांतपणे बोलले. "साहेब, तुम्ही दर रविवारी सांगता, माझ्या जागी दुसरा मेला म्हणून मी वाचलो. बाकीच्यांना ते मानावं लागतं. मला माहीत आहे. माझी पाळी होती, दुसरा उतरला आणि मेला. ते ऐकलं की मला देव दिसत नाही हो, दाजी दिसतात. हात कसा पुढे करू?"

शिकून आलेलं सगळं पाळकसाहेबांच्या तोंडापर्यंत येऊन परत जाताना मला दिसत होतं. शेवटी म्हणाले, मग आधी बहिणीकडे जा. जिच्यावर अन्याय केला तिला खरं सांगा, मग देवापुढे या.

मीही तेच म्हटलं. म्हटलं कसलं, हात धुऊन मागे लागले. चार महिने रोज. मला वाटलं, ताईच त्या, आईसारख्या. ओरडतील, सहा महिने बोलायच्या नाहीत, मग एक दिवस डबा घेऊन येतील. आणि हे हलके होतील, उठून पुढे जातील.

एका सकाळी गेलो. ताई खिडकीपाशी बसून पडद्याला टीप घालत होत्या. यांना बसायला सांगितलं तरी हे उभेच राहिले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मध्ये एकदाही थांबले नाहीत. ताईंची सुई थांबली होती. त्यांनी एकच विचारलं.

"बिल्ला लावला होता त्यांनी?"

"हो, ताई."

"नीट सांग. लावला होता?"

"लावला होता. मी काढला."

मी वाट बघत होते, आता फुटतील. ताई फुटल्या नाहीत. माझ्याकडे वळून विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? मी म्हटलं, चार महिने. "चार महिने इथे येऊन चहा पीत होतीस," एवढंच त्या म्हणाल्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मग यांनी माफी मागितली. खाली बसून, बहिणीच्या पायाशी. ताईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवत असतील तसाच, आणि बोलल्या. आवाज चढला नाही.

"कबरेवर माती टाकताना मी मनात त्यांना शिव्या देत होते. बावीस वर्षं दिल्या. पोरीला शिकवल्या. नियमाने वागणारा माणूस होता, आणि मी एक दिवस त्याच्यासाठी रडले नाही. तुला निदान माझ्यापुढे येऊन बसता आलं. मी कुणापुढे जाऊन बसू?"

मी म्हणाले, ताई, देव आहे ना. बोलले आणि स्वतःचीच लाज वाटली. त्या म्हणाल्या, "देवाला मी काही बोलले नव्हते. ज्यांना बोलले ते नाहीत." पडदा घडी करून ठेवला आणि आम्हाला जा म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. यांनीच उचलला. दोन मिनिटंही बोलणं झालं नाही. ठेवून म्हणाले, माफ केलं म्हणाली, आणि पुन्हा दारात येऊ नकोस म्हणाली. मी विचारलं, मग बरं वाटतंय का? हे म्हणाले, तेव्हा एकाला मारलं होतं, आता दुसरीला.

पाळकसाहेबांना वाटलं, अडथळा सरला. त्यांनी रविवारी आवर्जून यांच्याकडे पाहिलं, हातानेही बोलावलं. हे बसून राहिले. आणि गाणं उचलायला पुढे कुणी नव्हतं, पेटीवाल्याने दोनदा सुरुवात केली तेव्हा कुठे मंडळींचा सूर लागला.

याला आता सात महिने झाले. ताई चर्चला येत नाहीत. मुलीला त्यांनी खरं सांगितलं, तर ती आईशी बोलेनाशी झाली, मामाशी नव्हे. का म्हणून मला विचारू नका, मला कळलं असतं तर मी इथे अशी बडबडत बसले नसते. मी तीनदा ताईंच्या दारापर्यंत गेले. आत रेडिओ चालू असतो, बेल वाजवली की बंद होतो आणि दार उघडत नाही.

मागच्या रविवारी मी पाळकसाहेबांना गाठून सरळ विचारलं, सांगून टाका असं मीच यांच्या मागे लागले, ते पुण्य झालं की पाप? ते म्हणाले, काकू, तुम्ही खरं तेच करायला लावलंत, आपण त्या तिघांसाठी प्रार्थना करू. मी म्हटलं, करा. मग भाकर घ्यायला रांगेत उभी राहिले, माझी पाळी आली, आणि मी मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं.