रांगेतली दिल्ली

आमच्या थोरल्या साडूंच्या हाती हा देश आठ दिवस दिला, तर नवव्या दिवशी तो इतका सुखी होईल की कोणाला कामावर जावंसंच वाटणार नाही. दोघी बहिणी एकाच गावात, म्हणजे साखऱ्यात दिल्यामुळे हे भावी सुख मला रोज संध्याकाळी ओसरीवर ऐकायला मिळतं. मी स्वतः राजकारणावर मत मांडायला लागलो की बायको कुकर लावायला उठते. साडू बोलायला लागले की तीच बाई त्यांच्यासाठी दुसरा चहा टाकते. त्यांची हयात पोस्टात गेली. दिल्लीचा शिक्का असलेलं पाकीट आलं की ते तळहातावर घेऊन उगीच वजन करत बसायचे. तेव्हापासून निवडणूक विधानसभेची असो नाहीतर ग्रामपंचायतीची, त्यांचं मन दिल्लीच्या खाली उतरत नाही. आपल्याकडं कोण उभं आहे विचारलं तर "असतील कोणी" म्हणतात आणि सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानाकडं असे बघतात, की त्या रानापलीकडं लगेच संसदच असावी.

संसदेबद्दल त्यांचं म्हणणं साधं आहे. "खुर्च्या काढा, पाव्हणं. सतरंज्या टाका. मांडी घालून बसलेला माणूस भांडायला उठेपर्यंत त्याचा राग उतरून जातो." राजधानीही त्यांना फार वर वाटते, ती हिंगोलीच्या आसपास आणली तर सगळ्यांना बराबर पडेल, असा त्यांचा हिशेब. नकाशा मी पाहिलेला नाही. पाहिला तर विश्वास उडेल.

पण ही मतं आम्हाला ऐकू येतात ती नुसती तालीम. खरा प्रयोग मतदानाच्या सकाळी, शाळेच्या व्हरांड्यात. साडूंची एकच महत्त्वाकांक्षा आहे: केंद्रावरचं पहिलं मत आपलं पडावं. त्यासाठी ते सातच्या मतदानाला साडेपाचलाच आंघोळ करून हजर होतात. आणि दर वेळी बायकांच्या रांगेच्या तोंडाशी बंजारा तांड्यावरची एक म्हातारी काठी टेकून आधीच बसलेली असते. तांड्यात आईला याडी म्हणतात. आमचं सगळं गावच तिला याडी म्हणतं. दार उघडलं की केंद्राचे साहेब म्हणणार, "आधी आजीबाई." साडू दुसरे. वीस-पंचवीस वर्षं साडू दुसरेच.

त्या दीड तासात दोन रांगांच्या मधल्या हातभर जागेत साडू तिला दिल्ली समजावून सांगतात. ती तंबाखू मळत ऐकते आणि एकच प्रश्न विचारते. सतरंज्यांवर विचारलं, "अन् ज्याचे गुडघे दुखतेत त्यानं?" राजधानीवर विचारलं, "मंग त्या दिल्लीची यष्टी आमच्या फाट्यावर थांबंल का?" साडू त्यावर पुढच्या निवडणुकीपर्यंत विचार करतात.

परवाच्या विधानसभेला त्यांनी नवं मत तयार केलं होतं. आम्हाला सांगेनात. "न्हाई, ते रांगेतच." मी गाडीवर डबलसीट घेऊन गेलो. तुरीवर धुकं होतं, व्हरांडा रिकामा. साडू पहिले! पण चेहऱ्यावर आनंद नाही. सारखे तांड्याच्या वाटेकडं बघत होते. सात वाजता साहेब म्हणाले, "या काका."

"जरा थांबा की. याडी येऊन राहिली असंल."

"त्या यायच्या नाहीत. पंच्याऐंशीच्या पुढच्यांचं मत घरी जाऊन घेतलंय. त्यांचं चार दिवसांमागंच झालं."

साडूंनी वाटेवरची नजर काढली. मग म्हणाले, "म्हणजे यंदाबी माह्या आधीच!" आत गेले, मत देऊन आले आणि मी मत देऊन बाहेर येताच म्हणाले, "पाव्हणं, गाडी तांड्यावर घ्या."

याडी उन्हात खाटेवर होती. कंबर धरली होती. "आलास का टपालवाल्या? पयला झालास न?"

"कुठला! तूच पयली."

"त्याला काय मतदान म्हनावं? न रांग, न गलका. पोरं आली, कागद दिला, घेऊन गेली." तिनं उशाची तंबाखूची पुडी शोधली. "दिल्लीचं तर कुनी बोललंच न्हाई."

साडू खाटेच्या शेजारी उभे राहिले, बसले नाहीत. हातभर जागा सोडून, नीट, रांगेत उभं राहतात तसे. मीही त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. का, ते विचारू नका.

"तर याडी, मंत्री कोनीबी होऊ दे. शपथ घ्यायच्या आधी त्यानं एक दिवस तुमच्या फाट्यावर यष्टीची वाट पाहायची. गाडी थांबली, तर शपथ."

याडीनं तंबाखू मळायला घेतली. "अन् न्हाई थांबली तर?"

"तर न्हाई."

"मंग दिल्ली रिकामीच राहील की रे."

साडू विचारात पडले. ऊन हळूहळू खाटेवरून आमच्या पायांशी आलं. मागं कोणी नव्हतं, पुढं दार नव्हतं, आणि ही रांग सरकावी असं आम्हा तिघांतल्या कोणालाच वाटत नव्हतं.