कॉम्प्युटरने माळ्यावर काढलेला पावसाळा

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला एप्रिलमध्ये आणि सुरू होणार होता ऑक्टोबरमध्ये, कारण मधल्या काळात उद्घाटन करणाऱ्या साहेबांना सवड नव्हती. मोहोपाड्याकडच्या एका कारखान्याने तो भेट दिला होता. कारखान्यातलं त्याचं काम संपलं होतं. आमच्याकडे त्याचं काय काम असणार, हे कुणी विचारलं नव्हतं. भेटीबरोबर एक पितळी पाटी आली. तिच्यावर देणाऱ्यांची, घेणाऱ्यांची आणि उद्घाटन करणाऱ्यांची नावं होती. पाटी दोन हात लांब होती, कॉम्प्युटर एक हात.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी कर्जतहून रोज एसटीने कळंबच्या बाजूच्या एका गावात विज्ञान शिकवायला जात असे. पुण्यात बारा दिवसांचं प्रशिक्षण घेतल्यामुळे तालुक्याच्या त्या भागातला कॉम्प्युटरचा जाणकार मीच होतो. स्पर्धेत दुसरं कुणी नव्हतं. यंत्र म्हणजे टाइपरायटरसारखा एक चपटा खोका होता. सगळं त्याच्या पोटात. पडदा म्हणून सोबत आलेला छोटा काळा-पांढरा टीव्ही जोडायचा. बटण लावलं की दिवा लागे, 'टिंग' असा आवाज येई आणि पडद्यावर एक चौकोन उघडझाप करत बसे. हे मी एप्रिलमध्ये एकदाच, दार लावून, पाहिलं होतं. उद्घाटनाआधी यंत्राला कुणी हात लावायचा नाही, असा मुख्याध्यापकांचा हुकूम होता. फक्त पुसायला परवानगी होती आणि ते काम शाळेच्या शिपायांकडे होतं.

शिपायांना सगळे मामा म्हणत. गावातलेच होते, थोडी भातशेती होती आणि शाळेची नोकरी. नऊ वर्षं ते 'तात्पुरते' होते. तेवढ्या काळात शाळेला तिसरे मुख्याध्यापक आले, छप्पर दोनदा शाकारलं गेलं, पण मामा तात्पुरते राहिले आणि छप्पर गळत राहिलं.

जूनमध्ये मामा माझ्याकडे आले. "सर, ही विज्ञानाची खोली गळणार. मागल्या साली हितं सांगाडा भिजला होता."

"मग कुठं ठेवायचा?"

"आमच्या घरी नेतो. चुलीच्या वर माळा हाय. भाताचं बी ठिवतो आमी तिथं. किती पाऊस पडू द्या, बी सादळत नाय."

मी ताबडतोब "न्या" म्हणालो. नाहीतर तो मला एसटीने कर्जतला न्यावा लागला असता आणि माझ्या खोलीची भिंत पावसाळ्यात बोटाला ओली लागे. लेखी काही केलं नाही. साठ्याच्या वहीत यंत्र विज्ञानाच्या खोलीतच राहिलं.

दसरा झाला, हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापणीला आलं आणि साहेबांना सवड झाली. शुक्रवारी कारखान्याचे साहेब येणार होते, सोबत अलिबागहून शिक्षण खात्याचे अधिकारी. अधिकारी त्याच दिवशी मामांची फाइल पाहून त्यांना कायम करण्याच्या शिफारशीवर सही करणार होते. "दोन्ही कामं एकदम उरकून टाकू," असं मुख्याध्यापक म्हणाले.

मंगळवारी मामांनी गोधडीत गुंडाळलेलं यंत्र डोक्यावरून आणलं. मी जोडण्या केल्या, बटण लावलं. दिवा लागला. 'टिंग' आलं नाही. पडदा काळा. बंद केलं, परत लावलं. दिवा, आणि काळा पडदा. असं मी पंधरा वेळा केलं, जणू सोळाव्या वेळी त्याला माझी दया येणार होती.

मुख्याध्यापक आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "शुक्रवारी हे सुरू झालं नाही तर जबाबदारी कुणाची तरी निश्चित करावी लागेल." 'जबाबदारी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'कुणाची तरी' म्हणताना खिडकीबाहेर पाहिलं. तिथे मामा फाटकाजवळचं गवत काढत होते.

माणूस यंत्र दुरुस्त करायला बसतो तेव्हा आधी त्याच गोष्टी तपासतो ज्या त्याला तपासता येतात. मी फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. पिन घासल्या, वायर बदलली. आमच्याकडे तेव्हा वीज येई, पण पूर्ण येई असं नाही, म्हणून मुख्याध्यापकांच्या घरचा स्टॅबिलायझर आणून लावला. त्याचा काटा हलला, बाकी काही हललं नाही. संध्याकाळी नुसता टीव्ही लावला, तर त्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या वादळात एक गृहस्थ युरियाबद्दल बोलत होते. म्हणजे टीव्ही ठीक होता. शेवटची एसटी चुकेल म्हणून उठलो आणि स्टँडवर उभं राहून पुन्हा सगळ्या जोडण्या मनात लावत राहिलो. एसटीत चढलो ते कंडक्टरने हाक मारली म्हणून.

बुधवारी झाकण उघडलं. आधी वास आला. धुराचा आणि त्याच्या मागोमाग सुकटीचा. आत सगळीकडे काजळीची साय धरली होती. एका कोपऱ्यात कागदाच्या चिंध्या, गोधडीचा कापूस, भाताची टरफलं यांचं नीट गोल घरटं होतं. चिंध्यांवर इंग्रजी अक्षरं होती.

"उंदीर?" शेजारी उभे असलेले मामा म्हणाले.

"उंदीरच."

मामा बाकावर बसले. नऊ वर्षांत मी त्यांना वर्गातल्या बाकावर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"हेडसरांना सांगणार तुमी?"

"नाही."

"मग काय सांगणार?"

ते मलाही माहीत नव्हतं. चिंध्या कुठल्या कागदाच्या ते मात्र लक्षात आलं. यंत्रासोबत आलेलं माहितीचं पुस्तक मामांच्या घरीच राहिलं होतं. मधल्या सुट्टीत आम्ही तिकडे गेलो. मामी अंगणात भात पाखडत होत्या.

"सर, चालू झाला का तुमचा पाटा?"

"नाही ना, मामी."

"मी सांगितलेलं यांना, शाळंची वस्तू शाळंत ठिवा. तर म्हणले, बी जपतेस तसा हा जप. आता उंदराला मी कसं समजावू, हा सरकारी हाय म्हणून?"

"मांजर काय करत होतं तुझं?" मामा माळ्यावर चढता चढता म्हणाले.

"ते बियाण्यापाशी बसलं होतं. तुमीच सांगत असता, आधी बी."

मामा पुस्तक घेऊन उतरले. उंदराने अनुक्रमणिका आणि पहिली चाळीस पानं नेली होती. 'यंत्र सुरू होत नसल्यास' हा भाग कुठल्या पानावर आहे ते त्यामुळे कळेना. उरलेलं सगळं चाळल्यावर एवढं कळलं की तो पहिल्या चाळिसांत असावा.

माळा मात्र मी पाहिला. खाली चूल, वर कामट्यांवर बियाण्याच्या कणग्या, त्यांच्या शेजारी यंत्राएवढी मोकळी जागा. कामट्या काळ्या कुळकुळीत आणि हाताला कोरड्या ठक्क. माझ्या खोलीपेक्षा, आणि शाळेपेक्षा तर नक्कीच, ती जागा चांगली होती.

गुरुवारी चित्रकलेच्या ब्रशने काजळी काढली, सायकलच्या पंपाने हवा मारली, घरटं अखंड उचलून बाहेर ठेवलं. तरी दिवा आणि काळा पडदा. व्हरांड्यातून मुलींच्या स्वागतगीताची तालीम ऐकू येत होती. एकच कडवं त्या सकाळपासून म्हणत होत्या आणि मी एकच बटण सकाळपासून दाबत होतो. मला एका जागी बसवेना. फाटकापर्यंत जाऊन यायचो, पाणी प्यायचो, पुन्हा जायचो.

मुख्याध्यापकांनी सावधगिरी म्हणून एक अहवाल मागितला होता. त्यात एक रकाना होता, 'बिघाडाचे कारण'. यंत्र माझ्या संमतीने शिपायांच्या घरी होते, हे वाक्य मी मनात अनेकदा लिहिलं. कागदावर लिहिलं, 'पावसाळ्यातील दमट हवा.' दमट हवेला सेवापुस्तक नसतं. तिची चौकशी होत नाही आणि नोकरीही जात नाही. मुख्याध्यापकांना वाक्य फार आवडलं. त्यांनी ते लगेच फाइलला लावलं.

परत आलो तर मामा यंत्र पुसत होते. पुसून काय होणार होतं? पण त्यांचेही हात स्वस्थ बसत नव्हते.

"सर, हे बटण पयल्यापास्नं असं खाली होतं?"

"असेल."

"नव्हतं. एप्रिलात मी रोज पुसायचो. फडकं सगळ्यांवरनं सारखं जायचं. आता हितं खाली जातंय."

उजव्या कोपऱ्यातलं मोठं बटण होतं ते. जवळून पाहिलं तर इतरांपेक्षा ज्वारीच्या दाण्याएवढं खाली. प्रशिक्षणात सांगितलं होतं की ते दाबलं की यंत्र हातातलं सगळं सोडून पहिल्यापासून सुरू होतं. म्हणजे दाबलेलंच राहिलं तर त्याची सुरुवात कधी संपणारच नाही. मी दोन दिवस फ्यूज, वायर आणि युरियावाले गृहस्थ यांची तपासणी करत होतो आणि हे माझ्या नाकासमोर होतं.

टोपण वर काढलं. दांड्याच्या बाजूला काहीतरी तिरपं रुतलं होतं. मामांनी सदऱ्याला टोचलेली पिन काढली आणि ते अलगद उचकटलं. तळहातावर घेऊन त्यांनी ते उजेडात धरलं.

"हळवा नाय. गरवा हाय," ते म्हणाले. भाताचा दाणा होता, उशिरा पिकणाऱ्या जातीचा. घाई कितीही असो, कुठल्या भाताचा ते पाहून घ्यायला हवं होतं.

मी बटण लावलं. टिंग.

मामा पुन्हा बाकावर बसले. मीही त्यांच्या शेजारी बसलो आणि आम्ही दोघं तो चौकोन उघडझाप करताना पाहत राहिलो.

शुक्रवारी पाहुणे आले. हार झाले, स्वागतगीत झालं, पाटीवरचा पडदा सरला. टीव्हीच्या पडद्यावर रोमन लिपीत 'सुस्वागतम' असं सरकत जाईल अशी सोय मी केली होती. कारखान्याचे साहेब यंत्रापाशी वाकले आणि थांबले.

"काही जळतंय का?"

"छे छे, साहेब," मुख्याध्यापक म्हणाले.

मामा हारांचं तबक घेऊन शेजारीच उभे होते. "जळत नाय साहेब. आमच्या घरचा वास हाय तो. पावसाळाभर आमच्या माळ्यावर होता हा. आत उंदराने घरटं केलं होतं."

मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे थिजलं. अलिबागचे अधिकारी दोन हातांवर होते.

"साहेब, इकडे बघा," फोटोवाला म्हणाला.

साहेबांनी तिकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनीही तिकडे पाहिलं. उद्घाटनासाठी दाबायचं बटण साहेबांना सहज सापडावं म्हणून मुख्याध्यापकांनी कोपऱ्यातलं मोठं बटण ठरवून ठेवलं होतं. त्यांना नको म्हणायची माझ्यात ताकद उरली नव्हती. साहेबांनी ते दाबलं. टिंग झालं, 'सुस्वागतम' नाहीसं झालं, काळ्या पडद्यावर चौकोन लुकलुकू लागला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे चहा पिताना अधिकाऱ्यांनी मामांच्या शिफारशीवर सही केली. चहात साखर जास्त आहे, एवढंच ते म्हणाले. मामांचं बोलणं पाहुण्यांपैकी कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. मी तीन रात्री ज्याला भीत होतो ते सगळ्यांदेखत सांगून झालं होतं.

सोमवारी मामा माझ्याकडे आले. फाइली नेण्या-आणण्याचं काम त्यांचं, आणि वाचता येत होतं.

"सर, दमट हवा काय लिवलंय तुमी?"

"तुमच्यासाठीच लिहिलं, मामा."

"आमच्या माळ्यावर दमट नाय. इतकी वर्षं बी ठिवतोय, एक दाणा सादळला नाय. गावात कुणालाबी विचारा. उंदीर होता, उंदीर लिवा."

"कागद फाइलीबरोबर अलिबागला गेला."

"मग दुसरा लिवा."

मी त्यांना समजावलं. नुसती शिफारस गेली होती, कायम झाल्याचा आदेश अजून यायचा होता. यंत्र त्यांच्या घरी होतं हे कळलं तर आदेश तिथेच अडेल. मामांनी सगळं ऐकून घेतलं. "ते माझं मी बघन," म्हणाले. "पर लोकांनी आमच्या घरात वल हाय म्हनायचं नाय."

मी दुसरा कागद लिहिला. यंत्र माझ्या संमतीने शिपायांच्या घरी होते. बिघाडाचे कारण उंदीर व भाताचा दाणा. जागा पूर्णपणे कोरडी होती. मामांनी तो दोनदा वाचला, 'पूर्णपणे'वर बोट ठेवून मान हलवली आणि स्वतः जाऊन टपालपेटीत टाकला.

त्यानंतर पोस्टमन फाटकातून आत आला की मी शिकवता शिकवता थांबत असे. मामा त्याच्याकडून टपाल घेत, चाळत आणि अंगणातूनच मला हाताने 'नाय' म्हणून खूण करत. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. जानेवारीत एक दिवस त्यांनी खूण केली नाही. सरळ वर्गाच्या दारात आले आणि पाकीट माझ्या हातात दिलं. त्यांना कायम केल्याचा आदेश होता.

"आणि आपल्या पत्राचं काय?" मी विचारलं.

"त्याचं काय नाय अजून," मामा म्हणाले आणि घंटा द्यायला गेले.