थोरलीचे मऊ टायर

थोरलीला भावाचा राग येत नव्हता, हेवा वाटत होता. राग परवडला, तो निदान निवतो तरी. धाकट्याचं घर मोठं होतं, बायको हौशी होती, त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. पोटात दुखायचं ते एकाच गोष्टीवरून. दर आठवड्याला बाबांना गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे, आणि ते जात धाकट्याच्या पिकअपमधून. तिची पिकअप दारातच उभी असताना!

यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. पण बाबा म्हणजे साधासुधा प्रवासी नव्हे. उभा जन्म त्यांनी ट्रक चालवला. नजर अधू झाल्यावर स्टिअरिंग सुटलं, तोरा सुटला नाही. बस असो की टॅक्सी, ड्रायव्हरला नावं ठेवल्याशिवाय ते खाली उतरत नसत. असा माणूस ज्याच्या शेजारी आपणहून बसतो तो ड्रायव्हर पास, असं घरात सगळेच मानत. थोरलीला गाडी बाबांनीच शिकवली होती. ती फरशांच्या दुकानाचा माल पोचवायची आणि आजवर तिच्या गाडीत एकाही फरशीचा कोपरा उडाला नव्हता. धाकटा पोचवायचा गाद्या-उशा. उशीला काय धाड भरणार आहे!

"तुझ्या गाडीत कंबर मोडते गं," बाबा म्हणायचे. "त्याची कशी, झोपाळ्यासारखी."

हे अगदीच खोटं नव्हतं. थोरलीच्या गाडीला मालाचे टायर होते, छोट्या ट्रकला घालतात ते, जाड भिंतीचे आणि ठासून हवा भरायचे. फरशा लादल्या की गाडी जमिनीला धरून चालायची, रिकामी असली की खड्ड्याखड्ड्याला उसळायची. धाकट्याने कारचे मऊ टायर बसवले होते.

एकदा सिग्नलला ती नेमकी त्यांच्या मागे थांबली. मागच्या काचेतून बाबा दिसत होते. ताठ बसलेले, एक हात धाकट्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हाताने हातवारे आणि तोंडाचा पट्टा चालू. माझ्याशी चार शब्द बोलताना यांना दम लागतो, आणि इथे बघा! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. सिग्नल कधी सुटला तेही तिला कळलं नाही, मागच्या हॉर्नने तिला भानावर आणलं.

महिन्याभरात तिचे टायर गुळगुळीत झाले आणि तिने मनाशी ठरवून टाकलं.

"नेहमीचेच ना, ताई?" टायरवाल्या मामांनी विचारलं.

"नाही. कारचे लावा. मऊ."

मामांनी हातातला पाना खाली ठेवला. "फरशा सोडल्या?"

"नाही."

"मग ऐका. हे टायर माणसं न्यायला बरे. यांची बाजू पातळ असते. फरशांचं ओझं टाकलंत की पोट काढतील, तापतील, आणि फुटतील ते भर रस्त्यात. माझ्या दुकानात नाही फुटणार."

"माल कमी भरीन. जास्त खेपा करीन."

"हा धंदा आहे की व्यायाम?"

"मामा, बसवताय की पलीकडच्या दुकानात जाऊ?"

मामांनी बसवले. गिऱ्हाइकापुढे आणि सासूपुढे कुणाचं चाललंय?

एका खेपेचं काम दोन खेपांत होऊ लागलं. दुकानाचा मालक कुरकुरला, डिझेल जास्त जळलं, पण गाडी कशी पाण्यावरून गेल्यासारखी जायची. पुढच्या आठवड्यात धाकट्याने गाडी काढायच्या आत थोरली बाबांसमोर हजर झाली. "आज मी नेते. बसून तर बघा."

"जा की बाबा," धाकटा म्हणाला, "मला तसंही गोदामात लवकर जायचंय."

बाबा घुटमळले. गाडीत चढता चढता मागे वळून त्याला म्हणाले, "हळू जा रे."

निघतानाचा शब्दसुद्धा त्यालाच! थोरलीने दार जरा जोरातच लावलं.

वाटेत बाबा काहीच बोलले नाहीत. दवाखान्यापाशी उतरले, काठी टेकली, वाकले आणि अंगठ्याने टायरची बाजू दाबून पाहिली. "हे कुणी घातले?"

"मी."

"फरशा भरतेस ना अजून? मग डोकं कुठे गहाण टाकलंस?"

"तुमच्यासाठी घातले!" थोरलीचा आवाज चढला, दारावरचा शिपाई बघू लागला. "माझ्या गाडीत कंबर मोडते ना तुमची? म्हणून माझ्याही गाडीचा झोपाळा केला! शिकवलंत मला आणि बसता त्याच्या शेजारी!"

बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "कंबरेला काही झालेलं नाही माझ्या. तो गाडी चालवत नाही, उडवतो. मी शेजारी असलो की आठवड्यातून एक सकाळ तरी जरा धड चालवतो. सारखं सांगावं लागतं, पुढे बघ, हळू घे, खांदा धरून बसावं लागतं. घरी येईपर्यंत माझा घाम निघतो. त्याला असं तोंडावर सांगितलं तर चिडेल, म्हणून तुझ्या टायरांवर ढकललं. आणि तुझ्या शेजारी बसून मी करू काय? तुला सांगायचं काही उरलंय का?"

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. थोरलीचा जळफळाट उलट वाढला. नीट चालवायची ही शिक्षा! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

"म्हणजे मीही भरधाव हाणली की बसाल माझ्या शेजारी?"

"तुला जमणार नाही," म्हणत बाबा आत गेले.

परत निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, "मामांकडे घे. आधी ते टायर बदल." रस्ता मोकळा होता. तिने दात आवळून पाय दाबला, काटा चढू लागला. जमत नाही म्हणे! लांबवर गतिरोधक दिसला, आणि तिने न सांगता तिचा पाय ब्रेकवर गेला. गाडी त्यावरून अशी अलगद उतरली, जणू मागे फरशा भरल्या आहेत.

आता काय टोमणा येतो म्हणून तिने चिडून शेजारी पाहिलं. बाबांची मान छातीवर कलली होती, काठी हातातून निसटून खाली पडली होती. ते गाढ झोपले होते.

उद्यापासून पुन्हा कडक टायर आणि दवाखान्याला पुन्हा धाकट्याची गाडी, हे तिला कळत होतं. मामांचं दुकान आलं. थोरली न थांबता पुढे गेली.