न दुखणाऱ्या पोटाचं औषध

आमच्या समोरच्या इमारतीचा दरवान विल्मार तेचेरा याच्याइतका निरुपद्रवी माणूस सगळ्या मोन्तेविदेओत शोधून सापडायचा नाही, आणि हे मी कौतुकानं म्हणत नाहीये. वय छप्पन्न, लग्न नाही. आई गेल्यापासून तळघरातल्या खोलीत एकटाच. रेडिओ चालू असल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. माझी सिगारेट-गोळ्यांची टपरी बरोब्बर त्याच्या दारासमोर, त्यामुळे त्याचं सगळं आयुष्य मला बसल्या जागी दिसतं. कित्येक दुपारी तो हातात झाडू धरून पायरीवर नुसता बसून राहायचा आणि लोक त्याला ओलांडून वर जायचे.

तिसऱ्या मजल्यावरच्या हिमेना आर्बिसानं सिनेमा काढायला घेतला. चार मित्र आणि एक उसना कॅमेरा, एवढंच भांडवल. गोष्ट अशी की एक एकटा माणूस फोनवरच्या जोड्या जमवणाऱ्या ॲपवरून बायकांना भेटत राहतो आणि प्रत्येक भेटीनंतर आणखी खचतो. नट ऐनवेळी पळाला, तेव्हा तिची नजर विल्मारवर गेली.

"मला अभिनय येत नाही, पोरी," तो म्हणाला.

"म्हणूनच तर तुम्ही हवे आहात."

त्याची वाक्यं ती लिहून देणार होती, पण समोरच्या बायका मात्र खऱ्या. ॲपवर त्याचा फोटो टाकायचा, बाई आली की लपून चित्रण करायचं, मग खरं सांगून परवानगीसाठी तिची सही घ्यायची. पहिल्या दोघी कॅफेत भेटल्या आणि त्यांनी हसत सही केली. तिसरीला रांब्लावर, नदीकाठच्या भिंतीवर बोलावलं. तिथं वाऱ्यात आवाज कसा पकडायचा? पोरांनी यर्बाच्या, म्हणजे आमच्या कडू पाल्याच्या चहाच्या, चामडी पिशवीत माइक दडवला. इथं निम्मं शहर काखेत थर्मास आणि खांद्याला ती पिशवी घेऊन फिरतं, कुणाला संशय येणार? पण ज्याच्याकडे पिशवी, त्यानं शेजारच्याला यर्बा पाजायचीच असते, हे त्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तिसरी बाई म्हणजे निबिया उम्पिएर्रेस. बसमध्ये कंडक्टर, मुलगा स्पेनला. जरा वेळ इकडचं तिकडचं झालं आणि तिनं विचारलं, "काय हो, पाजणार आहात की पिशवी नुसती शोभेला?"

विल्मारनं पिशवी जवळ ओढली. "डॉक्टरांनी बंद केलीय. पोटात अल्सर आहे."

"मग पिशवी कशाला वागवता?"

"सवय जात नाही."

ती पोट धरून हसली आणि तिनं त्याचा हात थोपटला. रस्त्यापलीकडे गाडीत लपून चित्रण करणारी हिमेना म्हणे आनंदानं नाचली. असा प्रसंग लिहून मिळत नाही, म्हणून सही लांबणीवर पडली. अजून एक भेट होऊ दे, मग सांगू.

दुसऱ्या भेटीत त्यानं पाठ केलेली वाक्यं म्हटली. सकाळ झाली की उठावंसं वाटत नाही, दिवसभर कुणी नावानं हाक मारत नाही. निबियानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की नवरा गेला त्या हिवाळ्यात तिनं जगायचंच नाही असं ठरवलं होतं. कसं ठरवलं, कशी मागे फिरली, सगळं सांगितलं.

"हे माझ्या मुलालाही माहीत नाही," ती म्हणाली. "तुला सांगितलं." पिशवी दोघांच्या मधेच होती.

त्या दिवसापासून विल्मारचं अन्नपाणी सुटलं. रोज टपरीवर येऊन मला म्हणायचा, "दोन्या एल्सिरा, आज तिला सांगतो."

"सांग की मग."

"सांगितलं तर ती जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

यावर तो काडेपेटी घेऊन निघून जायचा. सिगारेट तो ओढत नाही.

मार्सेला नावाच्या रानझुडपाची पिवळी फुलं पोटाला गुणकारी, पण ती गुड फ्रायडेला सूर्य उगवायच्या आत तोडली तरच गुण येतो. निबिया पहिल्या बसनं शहराबाहेर गेली, गुडघ्यापर्यंत दवात भिजली, आणि दुसऱ्या दिवशी शिंकत शिंकत एक जुडी घेऊन रांब्लावर आली. "रोज एक कप. तोंड वाकडं करायचं नाही."

हिमेनानं सही पुन्हा पुढं ढकलली होती आणि विल्मारला त्या दिवसाचंही वाक्य लिहून दिलेलं होतं. ते त्यानं म्हटलं नाही. पिशवी उघडली आणि माइक काढून भिंतीवर ठेवला.

"माझं पोट दुखत नाही," तो म्हणाला. "कधीच दुखत नव्हतं." मग त्यानं ॲपपासून सगळं सांगितलं.

निबिया त्या यंत्राकडे बघत राहिली. "मागच्या वेळचं माझं बोलणं?"

"आहे त्यात."

"आणि तू बोललास ते?"

"त्या पोरीनं लिहिलेलं. पण ते खरंच माझं आहे गं. मला स्वतःहून सांगता आलं नसतं."

"आता ते मला कसं कळायचं?" ती म्हणाली आणि बसथांब्याकडे चालू लागली.

विल्मारनं तो भाग काढून टाकायला सांगितलं. हिमेना रडली, पण निबियाच्या घरी गेली आणि सगळं पुसून टाकते म्हणाली. निबियानं विचार करायला दोन दिवस घेतले आणि सही केली. असं जगणारं कुणी असेल तर त्याला ऐकू दे, म्हणाली. अट एकच होती, विल्मारनं पुन्हा फोन करायचा नाही. मला तिचा राग आला होता. मग स्वतःला तिच्या जागी ठेवून बघितलं आणि माझं तोंड बंद झालं.

वसंतात सिनेमा एका छोट्या थिएटरात लागला. काम संपलं की विल्मार रोज तिकडे जायचा. एकदा मी बरोबर गेले. निबिया पिशवीवरून हसली तेव्हा सगळं थिएटर हसलं आणि विल्मारनं तोंडावर हात धरला.

"किती वेळा बघणार आहेस?" मी कुजबुजले.

"दुसरीकडे कुठं ती माझ्याशी बोलते, दोन्या एल्सिरा?"

पडद्यावर तिनं त्या हिवाळ्याचं बोलणं सुरू केलं, तसा तो उठला, गुडघे वाकवून रांगेतून बाहेर पडला आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला. रोज असंच करतो, असं तिकीट फाडणाऱ्या बाईनं मला नंतर सांगितलं. आत सगळे ऐकत होते. तिचं बोलणं संपल्यावर तो परत येऊन माझ्या शेजारी बसला.