मॉरिशसच्या केळीला सावद्याचा आडोसा

"पानं कापा," मी म्हणालो.

मोबाईलच्या स्क्रीनवर मॉरिशसचे सखारामजी. त्यांच्यामागे केळीची बाग, बागेमागे काळं आभाळ. संध्याकाळी सायक्लोन धडकणार होता. मी इकडे केळीच्या मुलखात, सावद्यात, ऑफिसच्या पंख्याखाली, कोरडा ठणठणीत. केळीचा कन्सल्टंट!

सखारामजींचे पणजोबा कोकणातून तिकडे ऊस तोडायला गेले. पुढे थोडी जमीन झाली, तीही उसाची. साखरेत राम उरला नाही तेव्हा केळी लावायची म्हणून त्यांनी आम्हाला फोन केला. मी नकाशा बघून हसलो होतो. "फ्रेंच गेले, इंग्रज गेले, आणि तुम्ही अजून उसातच? दुसरं पीक सुचलं नाही?"

वाऱ्याला आडोसा म्हणून बागेच्या चारी बाजूंनी ऊस ठेवू, असं ते म्हणत होते. मी म्हणालो, "जागा वाया जाते. फक्त पश्चिमेला ठेवा." आमच्याकडे केळी भाजणारा उन्हाळी वारा पश्चिमेचा, सावद्यात हे पोरासोरांना ठाऊक. मॉरिशसला कोण सांगणार? तिथला वारा बहुतेक वर्षभर आग्नेयेचा. वादळाचा पहिला जोरही तिकडूनच होता.

"साहेब, वारा पुढून येतोय. तुमचा ऊस मागे उभा आहे," सखारामजी म्हणाले.

केळीचं पान म्हणजे वाऱ्याला शीड. पानं छाटली तर झाड तग धरतं. पण घड पोसतो पानांवरच. वादळ वळलं, तर चांगली बाग मी बसल्या जागी बोडकी केलेली असणार. आणि त्यांची सगळी जमीन त्या बागेत होती.

शेजारच्या टेबलावरून आमचे बॉस, नाना, ओरडले, "अरे, हिरवी पानं? घड काय हवेवर पोसणार?"

"झाडच आडवं झालं तर कशावर पोसणार, नाना?"

"आणि वादळ वळलं तर?"

मी पुन्हा स्क्रीनकडे वळलो.

सखारामजींनी विचारलं, "तुमची स्वतःची बाग असती, तर?"

"कापली असती. रडत कापली असती."

"मग मीही रडत कापतो." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन लागेना. नाना चहा मागवत आणि तो गार करत.

मग फोन आला. अर्धी बाग कापून होईतो वाऱ्याने माणसांना घरात पिटाळलं होतं. पानं कापलेली झाडं बहुतेक उभी, विजेच्या खांबांसारखी. उरलेली अर्धी भुईसपाट.

"आणि ऊस?"

त्यांनी मोबाईल फिरवला. ऊस लोळला होता, मोडला नव्हता. "हा उठेल," ते म्हणाले. "साहेब, तुम्ही विचारलं होतं ना? आमच्या बेटावर कॉफी लावली, कापूस लावला. दुसरं पीक सुचलं होतं. वाऱ्याला पटलं नाही."

वाचलेले घड बारीक निघाले, तिथल्याच बाजारात गेले. आडव्या झाडांच्या बुडातून पिलं फुटली. त्यांच्यावर नवी बाग धरली, चारी बाजूंनी ऊस ठेवून. प्लॅन सखारामजींनीच काढला. कन्सल्टंट म्हणून खाली सही मी केली.